हवालदाराला कोणी सांगायचं?

यंत्रांची मला भीती वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा भलताच समज होण्याचा संभव आहे. मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसते आणि यंत्रमानव व नीतिमत्ता या विषयावरची साडेतीन पुस्तकं मी वाचलेली आहेत. यंत्राने माणसाला खोटं सांगू नये, यावर तिन्ही लेखकांचं एकमत आहे. माणसाने यंत्राला खोटं सांगावं की नाही, हे बहुधा चौथ्या पुस्तकाच्या न वाचलेल्या अर्ध्या भागात असावं.

त्यामुळे हवालदाराला परत पाठवायचं ठरलं, तेव्हा मी आईला छातीठोकपणे सांगितलं, "तू दोन दिवस मावशीकडे जा. अर्ध्या तासाचं काम आहे. तू येशील तेव्हा तो घरात नसेल."

"तुला जमेल?"

"आई, मी या विषयावर पुस्तकं वाचलीत!"

आईने पिशवी उचलली आणि ती गेली. ती इतक्या चटकन गेली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हवालदार म्हणजे बाबांना सांभाळायला घरी आणलेलं यंत्र. कमरेइतकं उंच, दोन हात, चार चाकं आणि तोंडाच्या जागी बशीएवढा गोल दिवा. नाव बाबांनीच ठेवलं. "जाईन तिथे दोन पावलं मागे! मी काय जामिनावर सुटलोय?" असं ते सुरुवातीला कुरकुरायचे. बाबा लिफ्ट तपासनीस होते. चाळीस वर्षं त्यांनी एकाही यंत्रावर विश्वास ठेवला नाही, म्हणूनच त्यांच्या हद्दीत एकही लिफ्ट पडली नाही. पण चौदा महिन्यांत या दोघांचं असं सूत जमलं, की आई म्हणायची, "माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत!" तो त्यांना गोळ्या द्यायचा, खुर्चीतून उठवायचा, बागेत फिरवून आणायचा. बाबा त्याला नियम शिकवायचे. घराबाहेर पडताना गॅस, नळ, खिडक्या. आधी ब्रेक, मग गप्पा.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. आईने त्याच दिवशी यंत्र बंद करून कोपऱ्यात उभं केलं आणि वर चादर घातली. मी येता-जाता त्या चादरीकडे बघत नव्हते. घाबरून नव्हे. उगीच.

माहितीपुस्तिकेचं पान एक्केचाळीस सांगत होतं : परत करण्यापूर्वी यंत्र चालू करावे. प्रमुख वापरकर्त्याचे निधन झाले असल्यास घरातील व्यक्तीने तसे स्पष्ट शब्दांत, दोनदा सांगावे. त्याशिवाय यंत्र कायमचे बंद होत नाही. खाली बारीक अक्षरांत कारणही होतं. ज्याने माणसाला सांभाळलं, त्याला त्या माणसाचं पुढे काय झालं हे कळलं पाहिजे, असं कंपनीच्या नीतिमत्ता समितीचं मत होतं. वाचून मला समितीचं फार कौतुक वाटलं. समितीला फक्त बोलायचं होतं. सांगायचं मला होतं.

कंपनीचा माणूस चार वाजता येणार होता. मी सकाळी दहाला चादर काढली आणि हवालदाराच्या पाठीवरचं बटण दाबलं.

दिवा लागला. तो गर्रकन माझ्याकडे वळला.

"नमस्कार ताई. मी बेचाळीस दिवस बंद होतो. बाबा कुठे आहेत?"

मी तोंड उघडलं. वाक्य तीनच शब्दांचं आहे. मी ते पाठ करून ठेवलं होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. म्हणजे पहिले दोन शब्द. सहा आठवड्यांत मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं, मी नुसती मान हलवायचे. आता समोर असा एकजण होता ज्याला ते माहीत नव्हतं, आणि त्याचा दिवा माझ्यावर रोखलेला होता.

"फिरायला गेलेत," मी म्हणाले.

"कोट घातला का?"

"हो."

"तपकिरी?"

"हो, तोच. डाव्या कोपराला निळं ठिगळ असलेला." खोटं बोलणारा माणूस नको तितका तपशील देतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं.

तो कोट मी गेल्याच रविवारी कोपऱ्यावरच्या देणगीच्या पेटीत टाकला होता. ठिगळ माझ्याच हातचं. तपकिरी कापड मिळालं नाही म्हणून निळं लावलं. मी ओशाळले होते, तर बाबा म्हणाले होते, "असू दे. जोड दिसायलाच हवा. लपवलेला जोड सगळ्यात धोक्याचा." पुढे सात वर्षं त्यांनी तो कोट मिरवला.

"ठीक आहे," हवालदार म्हणाला. "मी वाट बघतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करत बसले. एक कप प्यायचा, धीर गोळा करायचा आणि बाहेर येऊन सांगून टाकायचं. एका कपाने धीर आला नाही. दुसरा केला. बाहेरून चाकांचा बारीक आवाज येत होता : दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. बाबा उशिरा यायचे तेव्हा आई अशाच येरझाऱ्या घालायची.

तिसरा कप हातात असताना आवाज थांबला.

"ताई, बाबांची फेरी पस्तीस मिनिटांची असते. एक्केचाळीस झाली. मी शोध सुरू केला आहे."

कप माझ्या हातातून सुटला तो सुटलाच.

"कसला शोध?"

"यादीतल्या चौदा जणांना निरोप गेला आहे."

तो निरोप माझ्याही फोनवर आला होता. 'आमचे बाबा फिरायला गेले ते परतले नाहीत. तपकिरी कोट, डाव्या कोपराला निळं ठिगळ. दिसल्यास घरी आणावे. चहा तयार आहे.' खाली बाबांचा फोटो होता, पाठमोरा. हवालदार कायम मागून चालायचा. त्याच्याकडे बाबांचे दोनशे फोटो होते आणि सगळे पाठीचे.

यादीत पहिलं नाव आईचं होतं. आईचं हृदय अशक्त आहे. डॉक्टरांनी तिला तळण, मीठ आणि धक्के वर्ज्य सांगितले आहेत. मावशीकडे सोफ्यावर बसून तिने फोन उघडला तर? मेलेला नवरा हरवलाय! मी फोन लावला. आईचा फोन व्यस्त. परत लावला. व्यस्त!

तेवढ्यात माझाच फोन वाजला. आत्या होती, बाबांची थोरली बहीण.

"अगं, हे काय? मी माझ्या हातांनी फुलं वाहिली गं त्याच्यावर!"

"आत्या, चूक झालीय. तू आधी शांत हो."

"शांत कशी होऊ? मी दाराला कडी लावलीये, वर खुर्ची लावलीये. तो इकडेच येणार!"

"बाबा कशाला येतील?"

"भांडायला! तीन वर्षं अबोला होता आमचा. आणि मी अंत्यविधीला सगळ्यांसमोर म्हटलं, आमचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. त्याने ऐकलं असणार! खोटं बोललेलं त्याला लहानपणापासून खपत नाही!"

"आत्या, बाबा..." मी म्हणाले आणि वाक्य पुन्हा तिथेच अडकलं. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकावी तसं.

"आला तर सांग त्याला, मी गावाला गेलेय!" आत्याने फोन आपटला.

पाठोपाठ दातांच्या दवाखान्यातली बाई. "बाबा आमच्याकडे आले नाहीत हं. पण सापडले तर मंगळवारी सकाळची वेळ रिकामी आहे."

"हवालदार, शोध थांबव!"

"बाबा सापडल्याशिवाय शोध थांबत नाही. सापडले का?"

"नाही."

"मग?"

मी त्याच्या पाठीवरच्या बटणाकडे झेपावले. तो गर्रकन वळला. मी डावीकडून गेले, तो डावीकडे. मी उजवीकडून, तो उजवीकडे! विसराळू म्हाताऱ्यांनी चुकून बंद करू नये म्हणून, एकदा शोध सुरू झाला की ही यंत्रं माणसाला पाठ दाखवत नाहीत, हे मला पान बारावर सापडलं. पण ते नंतर. तोपर्यंत जेवणाच्या टेबलाभोवती आमच्या चार फेऱ्या झाल्या होत्या.

"ताई, तुमची नाडी एकशे अठरा आहे. बसून घ्या."

"बसते कसली! मी मावशीकडे चाललेय."

मी दाराकडे धावले. तो माझ्याआधी पोचला आणि दारात आडवा उभा राहिला.

"गॅस?"

"बाजूला हो!"

"गॅस बघितल्याशिवाय कोणीही बाहेर जायचं नाही. बाबांचा नियम आहे. गॅस?"

मी गॅस बघितला. नळ बघितले. खिडक्या ओढून लावल्या. एकीकडे आईला फोन चालूच. व्यस्त, व्यस्त, व्यस्त. माझ्या डोळ्यांसमोर मावशीचा सोफा आणि त्यावर कलंडलेली आई दिसू लागली. माझ्या एका क्षुल्लक वाक्यापायी मी सहा आठवड्यांत दुसऱ्यांदा पोरकी होणार होते.

शेवटची खिडकी लावत असताना जिन्यात आवाज आला.

आमच्या इमारतीची लिफ्ट बाबा गेल्यापासून बंद आहे. दुसरा कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे सगळे जिन्याने येतात आणि तिसऱ्या मजल्यावर कोणाचं पाऊल कसं वाजतं, ते आता मला कळतं. हे पाऊल मला फार आधीपासून माहीत होतं, बाबांचं. दोन पावलं, मग काठी. दोन पावलं, मग काठी. वळणावर थोडी विश्रांती. परत दोन पावलं.

मी दाराजवळ गेले. दाराच्या भिंगाला डोळा लावला.

बाहेर एक म्हातारा माणूस कठड्याला धरून, आमच्या दाराकडे पाठ करून धापा टाकत उभा होता. तपकिरी कोट. डाव्या कोपराला निळं ठिगळ. ठिगळाच्या कडेला माझे वाकडे टाके.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, कोट तिने स्वतः देणगीच्या पेटीत टाकलेला, तिच्या लक्षात यायला नको? आलं नाही. त्या क्षणी मला फक्त दोन गोष्टी कळत होत्या. बाबा परत आलेत, आणि त्यांना आत घ्यायची मला भीती वाटते आहे. यातली कुठली जास्त भयंकर होती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"बाबा आले," माझ्या मागून हवालदार म्हणाला, आणि त्याने दार उघडलं. घराचं कुलूप त्याच्या हुकमात होतं.

म्हातारा वळला. गोल चेहरा, भरघोस पांढऱ्या मिशा, डोळ्यांत कुतूहल. बाबा जन्मात मिशा ठेवून फिरले नाहीत.

त्याच्यामागून बागेचा रखवालदार वर आला. यादीतला तेरावा. "सांभाळा मॅडम तुमचे बाबा! कारंज्यापाशी बाकावर बसले होते निवांत. महिना-दीड महिना दिसले नव्हते, पण कोट बघितला आणि म्हटलं, हेच ते!"

"तुम्ही यांचा चेहरा नाही का बघितला?" माझा आवाज कुठल्यातरी विहिरीतून आला.

"चेहरे कोण बघतं? दिवसाला पाचशे माणसं येतात. मी कोट ओळखतो." मग तो जरा साशंक झाला. "का? हे तुमचे नाहीत?"

हवालदार पुढे आला. त्याचा दिवा म्हाताऱ्याच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरला.

"उंची सहा सेंटिमीटरने जास्त आहे. मिशा नव्या आहेत. ताई, हे बाबा आहेत का? तुम्ही सांगाल ते खरं."

म्हातारबुवा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "हो म्हणा की! एवढे जिने चढून आलोय. चहा तयार आहे म्हणाले."

आणि मला सुटकेचा मार्ग दिसला. एक शब्द! हो म्हटलं की शोध थांबेल, चौदा जणांना तसा निरोप जाईल, आई वाचेल, आत्या कडी काढेल, रखवालदार घरी जाईल. साडेतीन पुस्तकांपैकी एकही माझ्या मदतीला आलं नाही.

"हो," मी म्हणाले. "हेच."

"बाबा सापडले," हवालदार म्हणाला. चौदा फोनवर तसा निरोप गेला. रखवालदार सलाम करून खाली उतरला. म्हातारबुवा बाबांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

"मी क्रेन चालवायचो," त्यांनी आपणहून सांगितलं. "बंदरावर. तीस वर्षं उंचावर एकटा. आता खाली एकटा. हा कोट पेटीत मिळाला. चांगला आहे, फक्त ठिगळ कोणा आंधळ्याने लावलंय."

"आजोबा, तुम्ही कोणीही बोलावलं की जाता का?"

"कोणी बोलावतंय कुठे पोरी! आज पहिल्यांदा कोणीतरी मला शोधत होतं. नाही कशाला म्हणू?"

मी काही उत्तर देणार, तेवढ्यात हवालदार परत आला. त्याच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हातात पांढरी ताटली. ताटलीत सहा गोळ्या.

"बाबा, फेरी लांबली. गोळ्यांना उशीर झाला."

त्या बाबांच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. त्याच्या पोटातल्या कप्प्यात उरलेल्या. एक नाडी मंद करणारी, एक रक्त पातळ करणारी, आणि बाकीच्या चार या दोघींवर लक्ष ठेवायला. डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं, की दुसऱ्या कोणी यातली अर्धीही घ्यायची नाही.

"चहाआधी गोळ्या?" आजोबा म्हणाले. "बरं बुवा. तुमच्या घरची पद्धत." आणि त्यांनी सहाच्या सहा गोळ्या तळहातावर घेतल्या. पाहुणा असावा तर असा!

"थांबा!" मी ओरडले. "हवालदार, नको! हे बाबा नाहीत!"

"ताई, तुम्ही आत्ताच म्हणालात, हेच."

"खोटं म्हणाले!"

"मग बाबा कुठे आहेत?"

आजोबांचा हात तोंडापाशी पोचला होता. मी झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं. गोळ्या खोलीभर उडाल्या, पेला फुटला, आणि ते वाक्य माझ्या तोंडून असं बाहेर पडलं, की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"माझे बाबा वारले!"

हवालदाराचा दिवा स्थिर झाला.

"कृपया पुन्हा सांगा."

मी आजोबांचं मनगट सोडलं नव्हतं. कोटाची बाही माझ्या मुठीत होती. तिला अजून बाबांच्या कपाटाचा वास येत होता.

"माझे बाबा वारले," मी म्हणाले. या वेळी हळू.

आजोबांनी दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

माझा फोन वाजला. आई!

"आई! तू बरी आहेस ना? तुझा फोन लागत नव्हता!"

"लागणार कसा? तुझी आत्या दोन-दोनदा फोन करून माझ्या कानाशी रडत होती. आणि काय गं, आधी हरवले म्हणून निरोप, मग सापडले म्हणून निरोप. एकदा काय ते ठरवा! स्वतःचा चष्मा ज्यांना सापडत नव्हता, ते एवढ्या लवकर कसे सापडले, हे मलाही नवलच वाटलं."

"तुला धक्का नाही बसला?"

"अगं, मला वाटलंच होतं तुझ्याच्यानं होणार नाही. माझ्याच्यानं तरी कुठे झालं? त्या दिवशी त्याने मला विचारलं, बाबा कुठे आहेत. मी म्हटलं, झोपलेत. आणि बटण दाबून टाकलं. सांगितलंस का शेवटी?"

"सांगितलं."

"दोनदा?"

"दोनदा."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि मी फोन कानाला लावूनच खोलीभर उडालेल्या गोळ्या वेचायला लागले.

चार वाजता कंपनीचा माणूस आला. हातात कागद, कागदावर प्रमुख वापरकर्त्याचा फोटो : पाठमोरा, तपकिरी कोट, निळं ठिगळ. आजोबा खिडकीकडे तोंड करून तिसरा चहा पीत होते. त्या माणसाने कागदाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि दारातूनच म्हणाला, "मॅडम, निधन... नक्की झालंय ना?" आजोबांनी मागे वळून मिशीतल्या मिशीत हसून दाखवलं, तेव्हा तो जिन्याच्या चार पायऱ्या उलटा उतरला. त्याला वर आणायला मला जावं लागलं.

हवालदार बंद होण्याआधी मी त्याला एक प्रश्न विचारला. खरं तर विचारायला नको होता.

"तुला माहीतच नव्हतं का रे?"

"माहीत होतं, ताई. बाबांच्या मनगटाला पट्टा होता. नाडी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी थांबली. माझ्या नोंदीत आहे. पण आई म्हणाल्या, झोपलेत. तुम्ही म्हणालात, फिरायला गेलेत. बाबांनी सांगून ठेवलं होतं : या घरात दोन बायका आहेत, कोणाशी वाद घालायचा नाही. दोघींनी वेगळं सांगितलं तर धाकटीचं खरं धरायचं. ती पुस्तकं वाचते, तिला जास्त कळतं."

दिवा विझला.

हे सगळं होऊन आठ दिवस झाले. आजोबा आता बुधवारी चहाला येतात, कोणी शोधायला न लागता. चौथं पुस्तक मी अजून उघडलेलं नाही. आणि गडबडीत एक राहूनच गेलं. 'सापडले' हा निरोप आत्यालाही गेला होता, आणि त्यानंतरचा काही तिला गेलाच नाही. ती अजून कडी लावून, खुर्ची टेकवून बसली आहे. कोणीतरी तिला खरं सांगायला हवं. वाक्य तीनच शब्दांचं आहे, आणि माझं ते दोनदा म्हणूनही झालंय.

आईला सांगते सांगायला.